आकाशातला हवालदार

जानेवारी २०२४ मधली दुपार. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस भारतीय हवाईदलाच्या कसरती मुंबईकरांना फुकट पाहायला मिळणार होत्या, आणि फुकट म्हटल्यावर मुंबईकर काय करतो हे का कुणी सांगायला हवे? आमच्या ताईने तर पोळीभाजीचा डबाच बांधून आणला होता. सोबत तिची दोन मुले, मी आणि मुलांनी घरातून हट्टाने आणलेली एक जुनी दुर्बीण.

'सूर्यकिरण' पथकाची तांबडी-पांढरी विमाने आली तेव्हा डब्याचा विसर पडला. एकाच दोरीत ओवल्यासारखी ती विमाने वळली, उलटी झाली, धुराचे पट्टे मागे ठेवून दिसेनाशी झाली. पाठोपाठ सुखोई आले. आधी विमान दिसले, मग आवाज आला, आणि तो आवाज कानांनी नव्हे, छातीने ऐकला. शेजारच्या एका आजोबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि डोळे मात्र टक्क उघडे ठेवले.

हे चालू असताना खाली एक हवालदार कठड्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना शिट्ट्या फुंकून खाली उतरवत होता. आमचा धाकटा भाचाही त्यांपैकीच एक. मुकाट्याने खाली उतरला, वर पाहिले, आणि मला म्हणाला, "मामा, मी तीन फुटांवर उभा राहिलो तर शिट्टी. मग वरच्यांना शिट्टी कोण मारतं?"

पोरगे दहा वर्षांचे. मी मराठीचा मास्तर. वर्गात विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला की "छान प्रश्न आहे, याचा विचार तूच करून ये" असे सांगायची आमची जुनी रीत आहे. पण भाच्यापुढे ती चालेना. घरी आल्यावर पुस्तके धुंडाळू लागलो. त्यातून जे हाती लागले ते भाच्याच्या वयाला जड आहे, म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

शिट्टी मारायची कल्पना माणसाला फार लवकर सुचली. १७८३ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये माणूस पहिल्यांदा बलूनमधून आकाशात गेला आणि १७८४ च्या एप्रिलात पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला, की परवान्यावाचून कोणीही बलून उडवू नये. जेमतेम पाच महिने गेले होते! कारण सरळ होते. बलूनखाली आग पेटवलेली असे, आणि ते जळते धूड कुणाच्या छपरावर उतरेल याचा नेम नसे. हवेत उडणाऱ्याने जीव धोक्यात घालावा, तो त्याचा प्रश्न. छपराखालच्या माणसाने काय म्हणून? विमानविषयक कायद्याची सगळी मुळे या एका प्रश्नात आहेत.

पुढे विमाने आली आणि ती पाहायला गर्दी लोटू लागली. २१ मे १९११ रोजी पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनो येथे पॅरिस-माद्रिद शर्यत सुरू व्हायची होती. लाखो लोक जमले होते. गर्दी मैदानात घुसली, तिला हटवायला घोडदळ आले. नेमके त्याच वेळी उड्डाणानंतर इंजिन नीट चालेना म्हणून एक वैमानिक परत उतरत होता. समोर आडवे घोडेस्वार पाहून त्यांना चुकवायला त्याने विमान कसेबसे पुढे रेटले आणि ते पलीकडे उभ्या असलेल्या मंडळींवर आदळले. ती मंडळी साधीसुधी नव्हती. फ्रान्सचे युद्धमंत्री बेर्तो जागच्या जागी मरण पावले आणि पंतप्रधान मोनी जबर जखमी झाले. ज्यांनी नियम करायचे, तेच नियम नसलेल्या जागी उभे होते. गंमत म्हणून हे सांगत नाही. मानाची जागा ही पुष्कळदा सर्वांत पुढची जागा असते, आणि विमानाला मानपान कळत नाही.

खरा धडा मिळाला तो १९५२ साली, इंग्लंडातल्या फार्नबरो येथे. महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. जेट विमानांचा आणि ध्वनीपेक्षा जलद जाण्याचा तो काळ. दरवर्षी सप्टेंबरात तिथे नव्या विमानांचे प्रदर्शन भरे आणि लोक बायकामुलांसह जत्रेला जावे तसे जात. ६ सप्टेंबर, शनिवार. जॉन डेरी हा त्या काळचा नामांकित चाचणी-वैमानिक आणि त्याचा निरीक्षक अँथनी रिचर्ड्स 'डी हॅविलँड ११०' हे नवे विमान घेऊन आले. उंचावरून झेप घेत त्यांनी ध्वनीची मर्यादा ओलांडली. स्फोटासारखा आवाज झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विमान खाली आले, एक वळण घेऊन गर्दीच्या दिशेने वळले, आणि वर उचलता उचलता हवेतच त्याचे तुकडे झाले. दोन इंजिनांपैकी एक भिरभिरत जाऊन ज्या टेकडीवर लोक दाटीवाटीने बसले होते तिथे पडले. प्रेक्षकांतले २९ आणि विमानातले दोघेही गेले.

यानंतरची गोष्ट आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. कार्यक्रम बंद झाला नाही. धावपट्टीवरचे अवशेष बाजूला झाल्यावर नेव्हिल ड्यूक हा दुसरा वैमानिक आपले 'हंटर' विमान घेऊन वर गेला आणि त्यानेही ध्वनीची मर्यादा ओलांडून दाखवली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान चर्चिल यांनी त्याच्या धैर्याचे कौतुक करणारे पत्र त्याला पाठवले. युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिढीची ती रीत होती. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण टेकडीवरच्या २९ जणांनी कुठल्या युद्धासाठी नाव नोंदवले होते, हा विचार मनातून जात नाही.

दोष वैमानिकाचा नव्हता. पंखाच्या पुढच्या कडेची बांधणी वेगात वळताना पडणाऱ्या ताणाला पुरी पडली नाही, असे तपासात निघाले. मात्र इंग्रज मंडळींनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला फार शहाणपणाचा वाटतो. विमान का मोडले, हा एक प्रश्न. मोडलेल्या विमानाचे तुकडे गर्दीत का पडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारखान्यात शोधायचे, दुसऱ्याचे मैदानात फीत टाकून. त्यांनी नियम केला, की जेट विमान गर्दीला समांतर सरळ जात असेल तर किमान २३० मीटर दूर असावे, कसरती करीत असेल तर ४५० मीटर, आणि उंची १५० मीटरच्या खाली नसावी. विमान उद्याही मोडेल हे गृहीत धरलेले. मोडले तर तुकडे रिकाम्या जागी पडावेत, एवढीच अपेक्षा. पुढची साठ वर्षे तिथल्या हवाई कसरतींत प्रेक्षकांपैकी एकाचाही बळी गेला नाही, याचे श्रेय या फितीलाच द्यायला हवे.

हे झाले प्रदर्शनांचे. एरवीच्या उडण्याचे काय? १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला राष्ट्रे जमली आणि त्यांनी करार केला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात 'हवेतले नियम' आहेत. दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या जनसमुदायावरून जाताना विमानाने भोवतालच्या ६०० मीटरांतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर निदान ३०० मीटर असावे. एरवी जमिनीपासून १५० मीटर. ३०० मीटर म्हणजे किती? चार कुतुबमिनार एकावर एक रचून पाहा. शिवाय आणखी एक अट आहे, आणि ती या आकड्यांहून मोलाची आहे. इंजिन अचानक बंद पडले तरी खालच्या माणसांना आणि मालमत्तेला धोका न पोचवता उतरता येईल, इतकी उंची असलीच पाहिजे. चढताना-उतरताना आणि खास परवानगी असेल तेव्हा सूट. आपल्या देशातही हाच नियम.

आता भाच्याचा प्रश्न. हा नियम मोडला तर पकडतो कोण? शिकागो करारातून जन्माला आलेली आंतरराष्ट्रीय संघटना माँट्रियलला आहे. तिच्याकडे कचेरी आहे, तज्ज्ञ आहेत, पुस्तके आहेत. पोलीस मात्र एकही नाही. नियम मोडणाऱ्यावर खटला भरण्याची जबाबदारी करारातल्या बाराव्या कलमाने ज्या त्या राष्ट्रावर टाकली आहे. आणि तिसरे कलम म्हणते, की हा करार नागरी विमानांनाच लागू. लष्कराची, जकातीची आणि पोलिसांची विमाने त्यात नाहीत. त्या विमानांसाठी नियम करताना इतरांच्या सुरक्षिततेची जाण ठेवावी, एवढेच राष्ट्रांनी कबूल केले आहे. जो अधिक वेगाने आणि अधिक खालून जाणार, त्यालाच सामान्य नियम लागू नाही, अशी ही रचना आहे.

इथे एका कोंबडीवाल्याची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात कॉस्बी नावाच्या गृहस्थाचे जेमतेम तीन एकराचे शेत आणि त्यात कोंबड्या. महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमाने येऊ लागली. ती त्याच्या घरावरून ६७ फुटांवरून जात. रात्री दिव्यांचा झोत, वर घरघराट. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत, एका दिवसात सहा ते दहा. अशा दीडशेच्या आसपास गेल्या आणि धंदा बसला. या माणसाने खुद्द सरकारवर दावा लावला आणि १९४६ साली तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायालयाने सांगितले, की जमिनीचा मालक वर स्वर्गापर्यंतचा मालक, हे जुने वचन विमानाच्या युगात चालायचे नाही. पण घराला लगटून वारंवार उडणे म्हणजे जमीन ताब्यात घेण्यासारखेच आहे, तेव्हा भरपाई द्या. आपल्याकडचा १९३४ चा कायदाही या दोहोंच्या मधूनच चाले. वाजवी उंचीवरून विमान गेले, तर नुसत्या जाण्याबद्दल दावा लावता येत नसे. 'वाजवी' म्हणजे किती, ते वारा, हवामान आणि परिस्थिती पाहून ठरवायचे. वकिलांची सोय कायदा कधी विसरत नाही.

असो. कोंबड्यांना न्याय मिळाला. माणसांची हकीगत पुढे आहे.

२८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतल्या रामस्टाइन येथे तीन लाखांच्या आसपास लोक जमले होते. तळ अमेरिकेच्या हवाईदलाचा, भूमी जर्मनीची, विमाने इटलीच्या पथकाची. आकाशात धुराचे हृदय काढायचे आणि एकट्या विमानाने त्यातून बाणासारखे आरपार जायचे, अशी कसरत होती. तो बाण प्रेक्षकांच्या दिशेने यायचा. वेळ चुकली, तीन विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतले एक जळत गर्दीत शिरले. ६७ प्रेक्षक आणि तीन वैमानिक गेले, शेकडो भाजले. त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. जखमींना लावलेल्या अमेरिकन शिरेतल्या नळ्या आणि जर्मन सलाईनच्या नळ्या यांची तोंडे एकमेकांत बसत नव्हती. तीन देशांचे अधिकारी मिळून कार्यक्रम ठरवतात, पण नळीचे तोंड जुळते का हे पाहणे कुणाचेच काम नसते.

आणि २७ जुलै २००२, युक्रेनमधले ल्विव्ह. हवाईदलाच्या एका तुकडीच्या वर्धापनदिनाचा सोहळा. एक सुखोई-२७ कसरत करताना खाली आले, जमिनीला घासत लोकांत घुसले. ७७ माणसे मेली, त्यांत २८ मुले. हवाई प्रदर्शनांच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही. दोघे वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. २००५ साली लष्करी न्यायालयाने त्यांना १४ आणि ८ वर्षांच्या शिक्षा दिल्या. इथे शिट्टी वाजली खरी, पण अपघातानंतर तीन वर्षांनी.

ही उदाहरणे लष्कराची. जिथे नागरी कायदा आहे, स्वतंत्र खाते आहे, साठ वर्षांचा अनुभव आहे, तिथे तरी सगळे ठीक असेल ना? म्हणून पुन्हा इंग्लंडात जाऊ. २२ ऑगस्ट २०१५, दक्षिण किनाऱ्यावरचे शोरहॅम. समुद्राजवळ छोटेसे विमानतळ. माजी वायुसैनिकांच्या मदतसंस्थेसाठी निधी जमवायला तिथे दरसाल कसरती होत. त्या दिवशी एक जुने 'हंटर' आले. होय, फार्नबरोला ड्यूकने उडवले होते त्याच जातीचे. वैमानिक अननुभवी नव्हता. एकेकाळी हवाईदलात होता, एरवी प्रवासी विमाने चालवी.

त्याने विमान वर चढवून मोठा फेर घ्यायला सुरुवात केली. फेराच्या माथ्यावर किमान ३५०० फूट उंची हवी होती. विमान पोचले २७०० फुटांवर. फेर सुरू करतानाचा वेगही हवा त्यापेक्षा कमी, ३५० नॉटच्या जागी ३१० च्या आसपास. माथा ओलांडल्यावरही चार सेकंदांपर्यंत फेर सोडून विमान सावरता आले असते, असे पुढे तपासात दिसले. ते सावरले गेले नाही. विमान विमानतळाच्या हद्दीबाहेर, ए-२७ या हमरस्त्यावर पडले. ११ माणसे मेली. वैमानिक जबर जखमी झाला, पण वाचला.

मेलेले कोण होते? एक जण एका नवरीमुलीला लग्नाला न्यायला गाडी घेऊन निघालेला. दोन तरुण फुटबॉलचा सामना खेळायला चाललेले. कोणी सायकलवर, कोणी मोटारसायकलवर. काही जण रस्त्याकडेला थांबून विमाने पाहत होते, पण ज्यांनी तिकीट काढले होते आणि ज्यांच्यासाठी फीत आखली होती त्या प्रेक्षकांत एकही बळी नव्हता. फार्नबरोचा नियम अक्षरशः पाळला गेला होता! गर्दीपासूनचे अंतर मोजले होते; रस्ता गर्दीत धरला नव्हता.

अपघात-अन्वेषण शाखेचा अहवाल मार्च २०१७ मध्ये आला. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे मला अहवाल वाचायचा कंटाळा नाही, पण यातले एक निरीक्षण दोनदा वाचले. परवाना देणाऱ्या नागरी विमान प्राधिकरणाची समजूत अशी होती, की धोक्याची जबाबदारी आयोजकांची. आयोजकांची समजूत अशी, की सुरक्षिततेबद्दल खात्री पटल्याशिवाय प्राधिकरण परवाना देणारच नाही. दोघेही प्रामाणिक. वैमानिक कोणत्या कसरती कोणत्या क्रमाने करणार, हे आयोजकांना आधी माहीत नव्हते. काय बिघडू शकते, कुणाला इजा होऊ शकते, ती कशी टाळायची, याचा साकल्याने विचार कुणीच केला नव्हता.

हे वाचताना मला लग्नघर आठवले. मुलाकडच्यांना वाटते गॅस मुलीकडचे पाहतील, मुलीकडच्यांना वाटते आचारी पाहील, आणि आचाऱ्याला वाटते कार्यालयवाले पाहतील. पंगत बसते आणि भात कच्चा. इथे भातावर भागले नाही.

यात आणखी एक धागा आहे. कसरतीच्या वैमानिकाला पात्रता देणारे परीक्षक त्याच वर्तुळातले अनुभवी वैमानिक. वर्तुळ लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्याच वैमानिकाची आदल्या वर्षीची, साउथपोर्ट इथली कसरत धोक्याची वाटल्यामुळे आयोजकांनी मध्येच थांबवली होती. म्हणजे शिट्टी एकदा वाजली होती, पण तिचा आवाज शोरहॅमपर्यंत पोचला नाही. अशा वर्तुळात कुणी मुद्दाम डोळेझाक करतो असे नाही. आपल्या सहकाऱ्याच्या वर्गावर तपासणीला बसताना आमच्याही लेखणीची धार बोथट होतेच की!

खटला लंडनच्या ओल्ड बेलीत चालला. वेगाच्या दाबाने वैमानिकाची आकलनशक्ती त्या क्षणी मंदावली होती, असा बचाव झाला. मार्च २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मृत्यूंच्या चौकशीत कॉरोनरने निर्णय दिला, की ही ११ माणसे बेकायदेशीररीत्या मारली गेली. एका न्यायासनापुढे गुन्हेगार नाही, दुसऱ्यापुढे मृत्यू बेकायदा. पुराव्याची कसोटी वेगळी म्हणून दोन्ही निर्णय कायद्यात बसतात. पण सात वर्षे थांबलेल्या घरांनी ते कसे पचवले असतील, मला सांगता येणार नाही.

प्राधिकरण मात्र हलले. जुन्या जेट विमानांच्या जमिनीवरील कसरती बंद करून त्यांना नुसते सरळ उडून जाण्यापुरती परवानगी उरली. अंतरे वाढवली, परीक्षकांचे नियम आवळले, आणि या देखरेखीचा खर्च भागवायला परवान्याची फी वाढवली. फी वाढताच छोट्या प्रदर्शनांच्या आयोजकांनी ओरड केली. त्यांचेही अगदी चूक नाही, गावची जत्रा महागली. पण हवालदार हवा असेल तर त्याचा पगार कुणीतरी द्यायला हवा. शोरहॅमच्या कसरती पुन्हा झाल्या नाहीत. आदूर नदीच्या काठी आता ११ कमानींचे स्मारक आहे.

आता आपल्या घरी येऊ. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून 'भारतीय वायुयान अधिनियम' लागू झाला आहे. नागरी विमानांवर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या 'डीजीसीए'ची. विमानातून जाणूनबुजून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर तुरुंग आणि दंड. दंडाची कमाल मर्यादा २०२० साली दहा लाखांवरून एक कोटीवर नेली गेली. अपघातांचा तपास वेगळी शाखा करते. पण सैन्यदलांची विमाने जुन्या कायद्याबाहेर होती आणि नव्याही कायद्याबाहेरच आहेत. तिथे हवाईदलाचे स्वतःचे नियम, स्वतःचे वरिष्ठ, आणि अपघात झालाच तर स्वतःचे चौकशी-न्यायालय. त्या चौकशीचा अहवाल आपल्यासारख्यांच्या वाचनात सहसा येत नाही. इंग्लंडातही सैन्यदलांची व्यवस्था निराळी आहे. पण एका मोठ्या अपघाताच्या कठोर चौकशीनंतर २०१० साली त्यांनी पथकांपासून अलग अशी लष्करी विमान-प्राधिकरणाची कचेरी उभी केली. उडवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असावा, एवढा धडा त्यांनी घेतला.

आपल्या वैमानिकांच्या शिस्तीबद्दल मला शंका नाही. मरीन ड्राइव्हवर कसरती समुद्रावर चालल्या होत्या आणि आम्ही काठावर होतो. ती जागेची निवडच अर्धी सुरक्षितता. पण शिस्त असूनही विमाने पडतात. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या बेगमपेठेत नौदलाच्या 'सागर पवन' पथकाचे विमान एका इमारतीवर कोसळून दोघे वैमानिक गेले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूला सराव करताना 'सूर्यकिरण'ची दोन विमाने एकमेकांवर आदळली, एक वैमानिक गेला, अवशेष वस्तीजवळ पडले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात आपले तेजस पडले. वैमानिक गेला, प्रेक्षक सुरक्षित राहिले.

आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर काय झाले? आकाशात सगळे बिनचूक पार पडले. खाली लाखोंची गर्दी, डोक्यावर ऊन, परतीच्या वाटा तुंबलेल्या. पाच माणसे मेली. कुणाच्याही अंगावर विमान पडले नाही. विमान गर्दीपासून किती दूर असावे याचा नियम आहे. गर्दीपासून पाण्याची टाकी किती दूर असावी याचा आहे का, ते मी शोधतो आहे.

भाच्याला मी यातले जमेल तेवढे सांगितले. कोंबड्यांची गोष्ट त्याला फार आवडली. मग मधल्या काळात त्याच्या वाढदिवसाला कुणीतरी ड्रोन दिले, आणि यंदा गणपतीत ते विसर्जनाच्या मिरवणुकीवरून उडवायचा बेत त्याने मला फोनवर सांगितला. म्हटले, अरे, गर्दीवरून? पोलिसांचा मनाईहुकूम असतो. तो म्हणाला, "मामा, २०२१ चे ड्रोनचे नियम मी वाचलेत. २५० ग्रॅमपर्यंत असलं तर उडवणाऱ्याला लायसन लागत नाही. आईच्या काट्यावर ठेवलं, २४९ भरलं."

मी सांगितले, की लायसन लागत नाही म्हणजे कुठेही उडवता येते असे नाही. विमानतळाजवळ बंदी, मनाई असेल तिथे बंदी. तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "पण मामा, पकडणार कोण?"

मागून ताईचा आवाज आला, "आण इकडे ते." कपाट उघडल्याचा आणि किल्ली फिरल्याचा आवाज मला फोनवर स्वच्छ ऐकू आला.